टास्क डिलीट करायचे आहे, पण त्यावर तास नोंदवलेले आहेत: आधी काय पाहावे, कसे करावे

प्रोजेक्टमधली चुकीची, जुनी किंवा दोनदा तयार झालेली टास्क काढून टाकण्यात वावगे काही नाही. अडचण येते ती त्यांच्यावर कोणीतरी वेळ नोंदवलेला असतो तेव्हा. टास्क म्हणजे पुढे काय करायचे याचा आराखडा, आणि त्यावरचे तास म्हणजे होऊन गेलेल्या कामाची नोंद. आराखडा बदलतो, रद्दही होतो. पण मंगळवारी कोणी साडेतीन तास काम केले, ही गोष्ट टास्क रद्द झाल्याने खोटी ठरत नाही. त्याच तासांवर बिल निघते, ओव्हरटाइम ठरतो, पुढच्या कामाचा अंदाज बांधला जातो. म्हणून टास्क काढताना खरा प्रश्न टास्कचा नसून तासांचा असतो, आणि त्याचे उत्तर डिलीट दाबण्याआधी ठरलेले हवे. बरीच सॉफ्टवेअर त्यानंतर काही विचारतच नाहीत.

तुमचे सॉफ्टवेअर नेमके काय करते

याबाबतीत सॉफ्टवेअरचे स्वभाव वेगवेगळे आहेत. एका ठिकाणची सवय दुसरीकडे नेली की नुकसान होते.

रेडमाइन आणि त्याच्याच वंशातले ओपनप्रोजेक्ट विचारून पुढे जातात. टास्कवर (तिथल्या भाषेत इश्यूवर किंवा वर्क पॅकेजवर) तास असतील तर डिलीट करताना एक पान येते: इतके तास नोंदवलेले आहेत, त्यांचे काय करायचे? तीन पर्याय असतात. तास पुसा, तास प्रोजेक्टवर ठेवा, किंवा दुसऱ्या टास्कवर न्या.

ओडू अडवते. टास्कला टाइमशीटच्या नोंदी जोडलेल्या असतील तर आधी त्या काढा, मग टास्क काढा, असा संदेश येतो. हार्वेस्टचाही नियम असाच आहे: ज्या टास्कवर वेळ नोंदवलेला आहे ते डिलीट होत नाही, आर्काइव्ह करावे लागते, म्हणजे न पुसता बाजूला जपून ठेवावे लागते. अडवणारे सॉफ्टवेअर सुरक्षित वाटते आणि बऱ्याच अंशी असतेही, पण धोका माणसाकडून येतो. संदेशात ‘आधी नोंदी काढा’ असे लिहिलेले असते आणि घाईतला माणूस खरोखरच नोंदी काढून मोकळा होतो. हा संदेश आला की नोंदींना हात न लावता टास्क आर्काइव्ह करा.

जिरा सोबत घेऊन जाते. इश्यू डिलीट केला की त्याच्या कॉमेंट, जोडलेल्या फाइल, सबटास्क आणि वर्कलॉग (नोंदवलेले तास) हे सगळे एका फटक्यात जाते. तासांसाठी वेगळा प्रश्न विचारला जात नाही.

काही ठिकाणी मधली सोय असते. आसना आणि क्लिकअपमध्ये डिलीट केलेले टास्क ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. अझूर डेव्हऑप्समध्ये वर्क आयटम आधी रिसायकल बिनमध्ये जातो आणि परत आणल्यावर ‘कम्प्लीटेड वर्क’चा आकडाही त्याच्यासोबत येतो. पण ट्रॅशमध्ये असेपर्यंत ते तास रिपोर्टमधून गायब दिसू शकतात. नेमका त्याच आठवड्यात महिन्याचा हिशेब बंद झाला तर कमी आकड्यावर बंद होतो.

आपले सॉफ्टवेअर यांपैकी कुठल्या गटात बसते याची खात्री नसेल तर एक चाचणी प्रोजेक्ट उघडा. त्यात एक टास्क आणि त्याखाली एक सबटास्क करा, दोन्हींवर एकेक तास नोंदवा, प्रोजेक्टच्या वेळेच्या रिपोर्टमध्ये २ तास दिसतात का पहा आणि मुख्य टास्क डिलीट करा. नंतर तोच रिपोर्ट पुन्हा काढा. २ राहिले, १ राहिला की ० झाले, हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट सांगेल. हीच चाचणी एपीआयमधूनही (स्क्रीनऐवजी दुसऱ्या प्रोग्रामने सॉफ्टवेअरला आज्ञा देण्याच्या मार्गाने) करून पहा, कारण स्क्रीनवर विचारले जाणारे प्रश्न एपीआयमध्ये विचारले जात नाहीत. रेडमाइनमध्ये एपीआयमधून इश्यू डिलीट करताना तासांचे काय करायचे ते सांगितले नाही, तर इश्यूसोबत तासही पुसले जातात. साफसफाईसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमधून तास हरवतात ते बहुधा याच वाटेने.

डिलीटच करायला हवे का?

डिलीट करण्यामागचे कारण एकदा शब्दांत मांडले की बहुतेक वेळा दुसरा, जास्त चांगला मार्ग सापडतो.

काम रद्द झाले असेल तर टास्क बंद करा, डिलीट नको. ‘रद्द’ असे स्वतंत्र स्टेटस ठेवा, ते बंद प्रकारातले असू द्या, आणि रोजच्या यादीच्या फिल्टरमधून वगळा. यादी स्वच्छ दिसते, तास जागच्या जागी राहतात. शिवाय रद्द झालेल्या कामावर किती वेळ गेला हा आकडा हाताशी राहतो, आणि तो आकडा पुढच्या वेळी कामाची व्याप्ती ठरवताना फार उपयोगी पडतो.

टास्क चुकीच्या प्रोजेक्टमध्ये तयार झाले असेल तर ते हलवा. रेडमाइन आणि जिरा दोन्हींत हलवलेल्या टास्कसोबत तासही जातात. मात्र इथे थांबून एक गोष्ट पहा: जुन्या प्रोजेक्टच्या नावावर त्या तासांचे बिल आधीच निघाले असेल, तर हलवल्यावर जुन्या प्रोजेक्टची बेरीज बिलापेक्षा कमी होईल आणि नव्या प्रोजेक्टमध्ये तेच तास पुन्हा बिलात जाण्याची शक्यता तयार होईल. याच कारणामुळे, नको असलेली टास्क एका ‘जुने सामान’ छापाच्या प्रोजेक्टमध्ये हलवून ठेवण्याची पद्धत तासांच्या बाबतीत चुकीची ठरते.

एकच काम दोनदा नोंदले गेले असेल तर दोन्हींवर थोडे थोडे तास असतात. एकाला ‘डुप्लिकेट’ म्हणून दुसऱ्याशी जोडा आणि बंद करा. तेही यादीत नकोच असेल तर तास मूळ टास्कवर नेऊन मग डिलीट करा. तास दुसरीकडे नेणे सर्वांत निर्धोक ठरते ते याच प्रसंगी, कारण काम खरोखर एकच होते.

चाचणीसाठी भरलेली टास्क, स्पॅम, किंवा गोपनीय माहिती चुकून टाकलेली टास्क मात्र खरोखर डिलीट करावी लागतात. चाचणीच्या टास्कवरचे तासही चाचणीचेच आहेत ना, ते नोंदवणाऱ्याला विचारून घ्या. ‘टेस्ट’ नावाच्या टास्कवर कोणीतरी खऱ्या टेस्टिंगचे तास टाकलेले असणे अगदी नेहमीचे आहे.

डिलीट करण्याआधीची तयारी

समजा, टास्क क्रमांक ४१२ काढायचे आहे. त्यावर २२.५ तास नोंदवलेले दिसतात. त्याखाली दोन सबटास्क आहेत: ४१३ वर ९.२५ आणि ४१४ वर ५.७५ तास. म्हणजे डिलीट केल्यावर पणाला लागतात ते २२.५ नव्हे, तर ३७.५ तास. रेडमाइनच्या यादीत ‘स्पेंट टाइम’ आणि ‘टोटल स्पेंट टाइम’ असे दोन वेगळे कॉलम असतात. पहिल्यात फक्त त्या टास्कचे तास, दुसऱ्यात सबटास्क धरून. नेहमी दुसरा पहा. पहिल्यावर विसंबलात तर इथे १५ तास नजरेआड होतात.

आता तासांच्या नोंदींची यादी उघडा. ही यादी पूर्ण दिसते आहे का, हेही तपासावे लागते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये भूमिकेनुसार कोणाला सगळ्यांचे तास दिसतात, तर कोणाला फक्त स्वतःचे. रेडमाइनमध्ये भूमिकेच्या सेटिंगमध्ये हे ठरते. डिलीटच्या पानावरचा आकडा ३७.५ आणि तुमच्या यादीतला आकडा ६.२५ असेल, तर सॉफ्टवेअर चुकलेले नाही. तुम्हाला बाकीच्या नोंदी पाहण्याची परवानगी नाही. अशा माणसाने एक्सपोर्ट काढला तर तोही अर्धवटच निघतो. एक्सपोर्ट ॲडमिनकडून किंवा सगळे तास दिसणाऱ्या व्यक्तीकडून घ्या.

यादी पूर्ण असल्याची खात्री झाली की माणसांनुसार बेरीज काढून ठेवा. इथे तिघांचे मिळून १८.७५, १२.५ आणि ६.२५ होतात, एकूण ३७.५. प्रोजेक्टची आजची एकूण बेरीजही लिहून ठेवा, समजा ६४२.२५. हे आकडे नंतरच्या पडताळणीसाठी लागतात आणि डिलीट झाल्यावर ते मिळवायला जागा उरत नाही.

त्यानंतर बिलाचा प्रश्न. या ३७.५ पैकी काही तास आधीच बिलात गेले आहेत का, पगाराच्या हिशेबात धरले आहेत का, ग्राहकाला पाठवलेल्या टाइमशीटवर आहेत का? तसे असेल तर त्या तासांना तारीख, माणूस, प्रोजेक्ट आणि आकडा या चारही बाबतींत हात लावायचा नाही. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, इथेही तेच. सॉफ्टवेअरमध्ये कालावधी लॉक करण्याची सोय असेल तर बिल निघताच तो महिना लॉक करा, म्हणजे हा प्रश्न पुढच्या वेळी माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

मग एक्सपोर्ट. त्यात किमान हे कॉलम हवेत: नोंदीचा क्रमांक, टास्कचा क्रमांक आणि शीर्षक, माणूस, काम केल्याची तारीख, तास, कामाचा प्रकार, कॉमेंट, आणि बिल करण्याजोगे आहे की नाही. टास्कचे शीर्षक मुद्दाम सांगितले, कारण नोंदीत बहुधा फक्त क्रमांक असतो आणि टास्क गेल्यावर तो क्रमांक कशाचा होता हे कोणालाच कळत नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीतल्या कॉमेंटची प्रश्नचिन्हे होतात. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवा. ०३/०४ अशी तारीख दुसऱ्या संगणकावरच्या एक्सेलमध्ये ३ एप्रिल आहे की ४ मार्च, हे ठरवता येत नाही.

दशांशातले तासही एक बारीक गडबड करतात. २० मिनिटे म्हणजे ०.३३ तास, आणि अशा तीन नोंदी परत भरल्या की १ तासाऐवजी ०.९९ होतात. नोंदी शंभर असल्या की फरक डोळ्यांत भरतो. शक्य असेल तिथे तास:मिनिटे किंवा सेकंदांतला आकडा घ्या. जिरा आतून सेकंदच साठवते, ३७.५ तास म्हणजे १,३५,००० सेकंद. ‘१ दिवस’ अशा स्वरूपातले आकडे तर टाळाच. दिवस किती तासांचा हे सेटिंगवर ठरते आणि ते सेटिंग कोणी बदलले तर जुन्या एक्सपोर्टचा अर्थच बदलतो.

तीन पर्यायांपैकी कोणता, आणि का

*तास पुसा.* हा फक्त चाचणीच्या किंवा निखालस चुकीच्या नोंदींसाठी. आपल्या उदाहरणात हा निवडला तर प्रोजेक्टची बेरीज ६४२.२५ वरून ६०४.७५ होईल आणि तिघांच्याही महिन्याच्या टाइमशीटमध्ये भोके पडतील. त्यांनी आपापले तास मंजूर करून घेतले असतील तर त्यांना हे कळणारही नाही.

*तास प्रोजेक्टवर ठेवा.* म्हणजे नोंद राहते, पण ती कुठल्याच टास्कशी जोडलेली नसते. प्रोजेक्टची बेरीज ६४२.२५ च राहते, माणसांची टाइमशीटही शाबूत राहतात. ऐकायला हा सुरक्षित मधला मार्ग वाटतो, आणि बेरजेपुरता तो सुरक्षित आहेही. हरवतो तो संदर्भ. चार महिन्यांनी ग्राहकाने विचारले की हे साडेसदतीस तास कशाचे, तर नोंदीतल्या कॉमेंटवर सगळी भिस्त राहते, आणि कॉमेंटच्या रकान्यात बहुधा काहीच लिहिलेले नसते. म्हणून हा पर्याय घ्यायचा असेल तर आधी प्रत्येक नोंदीत मूळ टास्कचा क्रमांक आणि शीर्षक लिहून घ्या.

ते कसे लिहायचे यातही एक खाचखळगा आहे. रेडमाइनमध्ये सगळ्या नोंदी निवडून एकगठ्ठा बदल करता येतो, पण तिथे कॉमेंटच्या रकान्यात काही लिहिले की ते सगळ्या नोंदींवर चढते आणि प्रत्येकाची आधीची कॉमेंट पुसली जाते. त्याऐवजी वेळेच्या नोंदीसाठी ‘मूळ टास्क’ नावाचे एक कस्टम फील्ड, म्हणजे स्वतःचा जादा रकाना, तयार करा आणि एकगठ्ठा बदलात फक्त तेच भरा. रिकामे सोडलेले रकाने जसेच्या तसे राहतात. हे फील्ड एकदाच करावे लागते आणि पुढे कायम कामाला येते. यादीला ते कॉलम म्हणून जोडता येते, त्यावर फिल्टरही लावता येतो.

आणखी एक अडथळा: वेळ नोंदवताना टास्क देणे सक्तीचे केलेले असेल, तर नव्या रेडमाइनमध्ये हा पर्याय चालत नाही, एरर येते. ती सक्ती तात्पुरती काढून काम उरकण्याचा मोह टाळा. सक्ती कोणत्यातरी कारणाने लावलेली असते, आणि ती उठलेल्या अर्ध्या तासात इतर लोकही टास्कविना तास नोंदवून जातात.

*तास दुसऱ्या टास्कवर न्या.* संदर्भ टिकवण्यासाठी हाच पर्याय सर्वांत चांगला, पण कुठल्या टास्कवर नेता यावर सगळे अवलंबून आहे. समोर दिसेल त्या टास्कवर तास ढकलले तर त्याचे गणित बिघडते. समजा टास्क ३९८ चा अंदाज १६ तासांचा आहे आणि त्यावर १४ तास लागले आहेत. त्यावर हे ३७.५ नेले की ५१.५ दिसतील; अंदाजाच्या तिप्पट वेळ घेतलेले काम म्हणून ते प्रत्येक बैठकीत लाल रंगात समोर येईल आणि ज्याने ते वेळेत केले त्याला उत्तरे द्यावी लागतील. डुप्लिकेटचा प्रसंग सोडला तर चालू टास्कवर तास नेऊ नका.

त्याऐवजी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘रद्द कामांचे तास’ असे एक टास्क करा. त्याला अंदाज देऊ नका, जबाबदार व्यक्ती नेमू नका, आणि वर्णनात काय आले, किती आले, कधी आले याची यादी ठेवा: ‘४१२, जुन्या डेटाचे स्थलांतर, ३७.५ तास, तिघांचे’. टास्क डिलीट झाले तरी त्याचा माग या वर्णनात राहतो. अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांची तुलना करणाऱ्या रिपोर्टमधून हे एक टास्क वगळणे सोपे असते.

रेडमाइनच्या डिलीटच्या पानावरून तास नेताना लक्ष्य टास्क त्याच प्रोजेक्टमधले असावे लागते, आणि अर्थातच डिलीट होणाऱ्यांपैकी ते नसावे. ४१२ काढताना तास ४१३ वर न्यायला सांगितले तर सॉफ्टवेअर नकार देते, कारण ४१३ सुद्धा सोबतच जाणार आहे. वेगवेगळ्या प्रोजेक्टमधली टास्क एकत्र निवडून डिलीट करत असाल तर दुसऱ्या टास्कवर नेण्याचा मार्ग तिथे चालत नाही. प्रोजेक्टनिहाय गट करून एकेक गट उरका.

आम्ही सुचवू ती पद्धत अशी की डिलीटच्या पानावर हा निर्णय सोडूच नये. आधी वेळेच्या नोंदींच्या यादीतून ४१२, ४१३ आणि ४१४ च्या सगळ्या नोंदी निवडा, ‘मूळ टास्क’ भरा, आणि त्याच एकगठ्ठा बदलात त्यांना ‘रद्द कामांचे तास’ या टास्कवर न्या. मग ४१२ उघडून एकूण तास ० दिसतात का पहा. आता डिलीट करा. तासांचा प्रश्न विचारणारे पान आले नाही, तर काम बरोबर झाले. ते पान आलेच, तर तुमच्या नजरेतून सुटलेल्या नोंदी अजून शिल्लक आहेत; रद्द करून मागे या आणि त्या शोधा. शेवटी प्रोजेक्टची बेरीज ६४२.२५ आणि तिघांच्या बेरजा आधीच्याच आहेत याची खात्री करा.

जिरामध्ये जरा वेगळे

जिरात एका इश्यूचे वर्कलॉग दुसऱ्या इश्यूवर हलवण्याचे साधे बटण नाही. ॲड-ऑन (वरून जोडलेले पूरक सॉफ्टवेअर) नसेल तर बहुधा एपीआयमधून नवे वर्कलॉग तयार केले जातात, आणि इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, नवे वर्कलॉग ज्याच्या खात्यातून एपीआय चालते त्याच्या नावावर पडतात. तिघांचे तास एका ॲडमिनच्या नावावर जमा होतात आणि त्याने एका दिवसात १९ तास काम केल्याचे दिसते. यावर उपाय म्हणजे ज्याने त्याने आपले तास पुन्हा भरणे, किंवा माणूस ठरवू देणारे वेळ-नोंदणीचे ॲड-ऑन वापरणे. दुसरी, नवा वर्कलॉग पडला की लक्ष्य इश्यूचा उरलेला अंदाज आपोआप कमी होतो. तो तसाच ठेवायचा असेल तर ‘ॲडजस्ट एस्टिमेट’ला ‘लीव्ह’ हे मूल्य द्या. तिसरी, सुरुवातीच्या वेळेतला टाइमझोन. रात्री उशिराची नोंद वेगळ्या टाइमझोनने गेली की तारीख एका दिवसाने सरकते, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशीचे तास शेजारच्या महिन्यात जाऊन बसतात.

एवढा खटाटोप पाहता जिरात तास असलेला इश्यू डिलीट न करणेच शहाणपणाचे. बंद करा, ‘रिझोल्यूशन’मध्ये रद्द किंवा डुप्लिकेट लिहा, आणि डिलीटची परवानगी फक्त ॲडमिनच्या भूमिकेला ठेवा. पूर्ण प्रोजेक्टचे गणित निराळे आहे: जिरा क्लाउडमध्ये डिलीट केलेला प्रोजेक्ट ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो.

डिलीट झालेच असेल तर

आधी ट्रॅश पहा, असेल तर तिथूनच परत आणा आणि बेरीज जुळवा. नसेल तर बॅकअपकडे वळा. पण चालू डेटाबेसवर जुना बॅकअप चढवू नका. ३७.५ तास परत मिळवताना त्यानंतरचे सगळ्यांचे काम पुसले जाईल. बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा आणि लागणाऱ्या ओळीच फक्त तिथून उचला.

रेडमाइनमध्ये हे तास ‘टाइम एंट्रीज’ टेबलात असतात. तिथून ४१२, ४१३ आणि ४१४ या इश्यूंच्या ओळी काढा, ओळींची संख्या आणि तासांची बेरीज लिहून घ्या. नोंदींवरची कस्टम फील्ड वेगळ्या ‘कस्टम व्हॅल्यूज’ टेबलात असतात. ‘बिल करण्याजोगे’ हे तुमच्याकडे कस्टम फील्ड असेल आणि तुम्ही फक्त पहिलेच टेबल आणले, तर तास परत येतात पण बिलात येत नाहीत. तसेच टाइम एंट्रीजमध्ये कामाच्या तारखेशिवाय वर्ष, महिना आणि आठवडा यांचे वेगळे कॉलम आहेत. हाताने ओळी घालताना ते रिकामे किंवा चुकीचे राहिले की नोंदींच्या यादीत तास दिसतात, मात्र महिनावार रिपोर्टमध्ये भलत्याच ठिकाणी पडतात. हे सगळे टाळायचे असेल तर बॅकअपमधून सीएसव्ही काढून सॉफ्टवेअरच्याच इम्पोर्टमधून आत घ्या. हिशेबाचे कॉलम ते स्वतः भरते. त्यासाठी इतरांच्या नावाने वेळ नोंदवण्याची परवानगी लागते.

बॅकअपही नसेल तर विखुरलेल्या खुणा गोळा कराव्या लागतात: ईमेल सूचना, पाठवलेली टाइमशीट, मागच्या महिन्याचे एक्सपोर्ट, लोकांची कॅलेंडर, कोडच्या कमिटमधले (बदलांच्या नोंदींतले) टास्क क्रमांक. यातून उभे केलेले तास ‘पुनर्रचित’ असे कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहून भरा आणि ज्याचे आहेत त्याच्याकडून तपासून घ्या.

क्रमांकावरून शोध घेताना एक दक्षता. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत, सर्वांत शेवटचा क्रमांक डिलीट होऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर तोच क्रमांक नव्या ओळीला मिळू शकतो. जुन्या ईमेलमधला ४१२ आणि आजचा ४१२ एकच आहे हे गृहीत धरू नका, शीर्षकही जुळवा.

बेरीज जुळत नाही तेव्हा

तास पुसलेले नाहीत, तरी दोन रिपोर्ट दोन आकडे दाखवतात, असे झाले की बहुधा टास्कविना उरलेल्या बेवारस नोंदी कारणीभूत असतात. टास्कनिहाय रिपोर्ट टास्क आणि तास यांची टेबले ‘इनर जॉइन’ने जोडतो, ज्या नोंदीला टास्क नाही ती त्यातून गळते. माणसांनुसार काढलेला रिपोर्ट टास्ककडे पाहतच नाही, म्हणून त्यात ती असते. दोन्ही आकड्यांतला फरक नेमका ३७.५ आला तर दोषी सापडलाच. रिपोर्ट स्वतः लिहिलेला असेल तर तासांच्या टेबलापासून सुरुवात करून टास्क ‘लेफ्ट जॉइन’ने जोडा, म्हणजे टास्क नसलेली नोंदही टिकते, आणि टास्क नसलेल्या ओळी ‘टास्क नाही’ या नावाखाली दाखवा. त्या लपवू नका.

वेळ नोंदवण्याचे साधन वेगळेच असेल, जसे टॉगल किंवा क्लॉकिफाय, तर तास तिथे सुखरूप राहतात आणि टास्ककडे जाणारी लिंक मात्र मेलेली असते. तिथे नोंदीच्या वर्णनात टास्कचे शीर्षकही उतरते की फक्त लिंक, हे आजच पाहून घ्या.

स्वतः असे सॉफ्टवेअर बनवत असाल तर तासांच्या टेबलावर टास्कसाठी ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (टास्कसोबत तासही पुसणारा नियम) लावू नका, ‘रिस्ट्रिक्ट’ (तास असतील तर डिलीट अडवणारा) लावा, आणि टास्कला ‘डिलीटेड ॲट’ असा कॉलम देऊन ते फक्त लपवा. तासाची नोंद होताना टास्कचे शीर्षक त्याच ओळीत उतरवून ठेवा. जागा नगण्य लागते आणि बेवारस नोंदीलाही नाव राहते.

टास्कपेक्षा मोठ्या गोष्टी डिलीट करताना हे सगळे कित्येक पटींनी लागू होते. रेडमाइन आणि हार्वेस्टमध्ये पूर्ण प्रोजेक्ट डिलीट केला तर त्यावरचे सगळे तास जातात, तीन पर्यायांचे पान येत नाही. तिथे प्रोजेक्ट बंद किंवा आर्काइव्ह करायचा. माणूस सोडून गेला म्हणून त्याचे खाते डिलीट केले तर रेडमाइनमध्ये त्याचे तास ‘ॲनॉनिमस’च्या नावावर जातात आणि कोणाचे किती होते हे परत वेगळे करता येत नाही. खाते लॉक करा. त्याला लॉगिन करता येणार नाही आणि प्रत्येक जुन्या नोंदीवर त्याचे नाव राहील.